खंडेनवमीचा निळा रंग

वाळूजच्या आमच्या कामगार वस्तीत पुंजारामभाऊ दिवसभर दारातल्या खुर्चीवर बसलेले असतात. बोलताना मधेच थांबतात, श्वास गोळा करतात. पिशोरहून नवे आले होते तेव्हा हाच माणूस गव्हाचं पोतं खांद्यावर टाकून, गप्पा मारत आमचा जिना चढायचा.

धातूंना मुलामा देण्याच्या कारखान्यात ते रसायनांचे कॅन सांभाळत. "वाचायला कशाला लागतंय, ताई? डाव्या अंगाला ॲसिड, उजव्या अंगाला हायपो. डोळे झाकून काढतो," म्हणायचे. हायपो म्हणजे सांडपाण्याच्या टाकीत टाकायचं रसायन. दोन्ही पिवळसर, दोन्हींचा वास डोळ्यांना झोंबणारा.

खंडेनवमीला तिथं यंत्रांची पूजा असते. त्या वर्षी मालकांचे पाहुणे येणार होते. भाऊंनी सगळे कॅन घासले, लेबलं खरवडली, वर निळा ऑइलपेंट मारून झेंडूच्या माळा घातल्या. घरी आले तेव्हा कोपरापर्यंत निळे.

"कारखान्याची नवरी केली, अन् घराला चुना नाय," त्यांची बायको चतुराबाई म्हणाली.

"तुला बी मारू का रंग?" भाऊ म्हणाले. लई हसले दोघं.

फरशी धुताना कुणीतरी कॅन हलवून परत मांडले होते. दसऱ्यानंतर भाऊंनी सवयीनं उजवीकडचा कॅन उचलला आणि टाकीत ओतला. आत आधीचा हायपो होता, आणि कॅनमध्ये ॲसिड. हिरवट वायू वर आला. टाकीवर त्यांच्यासोबत कामाला असलेला देवगाव रंगारीचा सुदर्शन वाकलेला होता. त्याचं लग्न ठरलं होतं. भाऊंनी त्याला मागच्या दारापर्यंत ओढत नेलं. दारापुढं पूजेचं टेबल आणि केळीचे खांब तसेच उभे होते. ते बाजूला करेपर्यंत सुदर्शनचा श्वास थांबला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "भाऊंच्या छातीत नेमकं काय गेलंय?" सोबतच्या कुणालाच सांगता येईना.

यंदा माझी मुलगी तनुजा शेंद्र्याच्या एका कंपनीत लागली. खंडेनवमीला तिनं फोनवर फोटो पाठवला: भगव्या रंगाचे चकचकीत कॅन, वर हळदीकुंकू. मी तो भाऊंना दाखवला. त्यांनी बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला.

"ताई, इचारा तिला. यातलं ॲसिड कोणतं?"

मी तसंच लिहून पाठवलं. उत्तर लगेच आलं. "कॅन सांभाळणाऱ्या सांडूमामांना माहीत आहे. ते सणाला पैठणला गेलेत, सोमवारी येतील."

"आणि तुझी कामाची पाळी कधी?" मी विचारलं.

"शनिवारी सकाळी."

मी लिहिलं, लेबलं लागेपर्यंत एकाही कॅनला हात लावू नकोस, कुणाला लावू देऊ नकोस. मागचं दार उघडतं का, तेही बघ.

उत्तरात फक्त अंगठा आला. भाऊंनी फोन परत हातात घेऊन तो फोटो मोठा केला.