सुपासकट फोटो

भिजवलेल्या विडीच्या पानांचा वास आला की मला गिरणीच्या चाळीतली एक सकाळ आठवते. सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या आमच्या गिरणीने स्मरणिकेसाठी फोटोग्राफर बोलावला होता. मागे चिमणी आणि पुढे कामगारांची घरं, असा फोटो त्याला हवा होता. आई रोजच्यासारखी उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. त्याच्यासोबत आलेले गिरणीचे साहेब म्हणाले, "मावशी, ते सूप आत ठेवा. गिरणीच्या पुस्तकात विड्या कशाला?" आई वर न बघता म्हणाली, "संपात गिरणी बंद हुती, तवा ह्या सुपावर घर चाललं. सूप हितंच ऱ्हाणार." साहेबांनी हळूच विचारलं, "मुलगा अजून बदलीवरच आहे ना तुमचा?" "हाय की. तुमच्या मागंच उभा हाय, त्यालाच इचारा." कोणी गैरहजर असेल त्याच्या जागी काम मिळणारा मी बदली कामगार होतो आणि मला कायम करायचं त्यांच्याच हातात होतं. तरीही मी आईशेजारी जाऊन बसलो, कात्री घेतली आणि पानं कापू लागलो. मग शेजारच्या तेलुगू बायकाही आपापली सुपं घेऊन दारात बसल्या. फोटोग्राफरने तसाच फोटो काढला. स्मरणिकेत तो आला नाही आणि मला कायम व्हायला आणखी दोन वर्षं लागली, पण एक प्रत त्याने आईला आणून दिली. आज गिरणी नाही, चिमणीही नाही. परवा नातीला बघायला पाहुणे येणार म्हणून बैठकीतला तो फोटो उतरवू या, असं घरात निघालं. मी म्हटलं, राहू दे. त्यांना आधी तोच दाखवू.