मिस्त्रींचं नाक

मिस्त्रींचा राग कायम नाकावर, पण गिऱ्हाइकं त्या नाकासाठीच यायची. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर सुटतो म्हटलं, की मिस्त्री गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी उपसत, तेल बोटांवर चोळत, हुंगत आणि करपट वास आला की गिअरबॉक्स जळाला, असा निकाल देत.

आज एका शिक्षिकाबाईंची जुनी गाडी आली होती. चढावर इंजिन नुसतंच बोंबलायचं, गाडी जागची हलायची नाही. मिस्त्रींनी तेल हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि बाईंवरच खेकसले, "तेल ठणठणीत आहे! चालवता येत नाही आणि दोष गाडीला!"

"वीस वर्षं मीच चालवतेय," बाई म्हणाल्या.

"मग आणखी वीस वर्षं शिका!"

तेवढ्यात डबा घेऊन आलेली बायको दारातच थबकली. "अहो, काय जळलंय? केवढा करपट वास येतोय!"

मिस्त्रींनी बोटांकडे पाहिलं. तेल काळंकुट्ट होतं.

"कामाच्या जागी येऊन नाक खुपसू नकोस!" ते ओरडले.

बायकोने डबा खाली ठेवला. सकाळी दूध करपलं होतं, आणि चिमूटभर मिठावरून घर डोक्यावर घेणारा हा माणूस त्या दुधाचा चहा निमूट प्यायला होता. का, ते तिला आत्ता कळलं.