वारुळाला लावलेला शेंदूर

तोंडात सुपारी असेल तर आधी काढा बायांनो, ठसका लागेल. माझ्या हातून एकदा एक देवी झाली, ते सांगते.

मी माजिवड्याची, मिठागरातल्या घरची. रानातलं मला काय कळणार? लग्न होऊन आंबिवलीला आले आणि पहिल्याच श्रावणात सासूबाई मला रुळांपलीकडच्या रानात घेऊन गेल्या. काय नजर होती त्या बाईची! मला नुसतं गवत दिसायचं, त्यांना अळंबी.

एका वारुळावर कळ्या आल्या होत्या. त्यांनी एक उकरून दाखवली.

"हे बघ गो, हिचा देठ खोल वारुळात जातो. ही आपली. ती झाडाखालची बी पांढरीच हाय, पन तिच्या बुडाशी वाटी हाय. ती खाल्ली का मानूस गेला."

"आणि ओळखू नाही आली तर?"

"तर हात लावायचा नाय. भाजीवाचून कोनी मरत नाय. उमलल्या का येऊ. आन् ही जागा कुनाला सांगायची नाय."

मी कुणाला सांगितली नाही हो. पण पुढं एकटी आले आणि भलतीच घरी नेली तर? दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन वारुळाला खूण केली. कुंकू पावसानं गेलं असतं, म्हणून देव्हाऱ्यातला शेंदूर तेलात कालवून चांगला फासला.

दोन दिवसांनी आम्ही टोपली घेऊन गेलो, तर वारुळाभोवती अर्धा गाव. फुलं, नारळ, हळद. शेजारीण म्हणाली, "देवी परगटली. आता हिथल्या अळंबीला कोन हात लावील?"

सासूबाईंनी शेंदूर पाहिला, मग माझी लाल नखं पाहिली. मला वाटलं, आता इथंच गाडतात.

त्यांनी शांतपणे हात जोडले. "देवी माझ्या सुनेच्या सपनात आल्ती. बोलली, अळंबी माझा परसाद हाय. पन कुटली बी असो, आधी सासूला दाखवा, मगच खा."

सगळ्या बायांनी माना डोलावल्या. तेव्हापासून गावात कुणी विषारी अळंबी खाल्ली नाही. आमची जागा गेली, पण एका वाक्यात त्यांनी गाव सांभाळला आणि माझी अब्रूही. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पण त्या दिवशी तिथंच वारुळापाशी कुणीतरी विचारलं, "आन् सुनेला काय बोलली देवी?"

सासूबाईंनी टोपली माझ्या हातात दिली.

"बोलली, तू निवड, रांध, वाढ. पन तू खायची नाय."

गावासमोर सांगितलेलं, मोडणार कसं? माझ्या सुना आल्या, नातवंडं झाली, दर श्रावणात मी पातेलं भरून रांधते. चव कशी असते, ते तुम्हीच सांगा.