आज काय जेवलास?

इकडे आखातात, सुलैबियातल्या कामगार कॅम्पात मी मेसचा स्वयंपाकी आहे, म्हणजे रोज तीनशे माणसांची डाळ ढवळतो. नऊ वर्षं झाली. खांद्याची पार वाट लागलीय. रत्नागिरीहून बायको फोनवर विचारते, "आज काय केलंत?" काय सांगू, कप्पाळ! कालचंच.

गेटवर एक सुदानी चौकीदार आहे. पन्नाशी उलटलेला. सगळे त्याला चाचा म्हणतात. तरुणपणी तो फौजेत होता. आमचं बोलणं अर्धं हिंदीत, अर्धं अरबीत. माणूस भला, पण एका बाबतीत भलता कडक. एकदा एका नेपाळी वेल्डरने डाव्या हाताने भात कालवला, तर हा भर मेसमध्ये त्याच्यावर असा खेकसला की बिचाऱ्याचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "जेवू दे की चाचा! तुझ्या ताटातलं खातोय का तो?" तर म्हणतो, "डाव्या हाताने सैतान जेवतो. माझ्या मुलांना मी एकदाही तसं खाऊ दिलं नाही."

त्याचा धाकटा मुलगा तिकडच्या यादवीत शिपाई झालाय. कॉलेज बंद पडलं, गल्ली जळली आणि हातात बंदूक आली. शुक्रवारी दुपारी जमलं तर तो फोन करतो. माझ्या स्वयंपाकघरात रेंज बरी मिळते, म्हणून चाचा तिथे येऊन बसतो आणि स्पीकर लावतो. कुठे आहेस, हे विचारायचं नाही. कोणीतरी ऐकत असतं. मग चाचा पहिला प्रश्न करतो, "आज काय जेवलास?"

मला आधी हसूच यायचं. तिथे गोळ्या सुटतायत आणि हा मेनू विचारतोय! मग त्याने समजावलं. मसुरीच्या डाळीवर तेल असलं तर रस्ता उघडा आहे, माल पोचतोय. नुसती ज्वारीच्या पिठाची उकड असली तर रस्ता तुटलाय. चहात साखर नसली तर साहेबांचे डबेसुद्धा रिकामे. मग मीही हिशेब लावत बसू लागलो. मुलगा रोजचंच सांगायचा. पहाटे उठायचं, खड्डे खणायचे, पाण्यासाठी रांग लावायची, एका परातीत सहा जणांनी जेवायचं, आणि पिठात वाळू. माझ्याइतकाच वैतागलेला वाटायचा तो.

एका शुक्रवारी मात्र स्वारी खुशीत होती. "मटण, बाबा! पोटभर! दोन बकरे कापले!"

मी चुलीपासूनच ओरडलो, "वा रे वा, चैन आहे!"

चाचाचा चेहरा पडला. "अजून घे," एवढंच मुलाला म्हणाला. फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "आम्हालाही मटण द्यायचे. दुसऱ्या दिवशी लढाईत पुढे पाठवायचं असलं की." मेली माझी जीभ! नको तिथे वळवळते.

पुढचे दोन शुक्रवार फोन नाही. शुक्रवारी आमच्याकडे बिर्याणी असते. चाचा ताटाला शिवला नाही. त्याला समजवायला मला तोंडच नव्हतं. तिसऱ्या शुक्रवारी मटणाला सुरी लावायला माझा हात धजेना. सरळ मसुरीची डाळ चढवली. रांगेत बोंबाबोंब झाली. शुक्रवारी डाळ? म्हटलं, "गुमान गिळा, नाहीतर चालते व्हा."

भांडी घासायला गेली, तळाशी उरलेली डाळ चुलीवर होती, आणि फोन वाजला. चाचाचं बोट दोनदा भलत्याच बटणावर पडलं. मीच स्पीकर लावला.

"आज काय जेवलास?"

"डाळ, बाबा. तेल घातलेली."

देवा! मी डाव ओट्यावर आपटला. चाचा रडता रडता हसत होता. "पोटभर जेवलास ना?"

मग मुलगा हळूच म्हणाला, "हो. पण आता वेळ लागतो जेवायला. रागावू नका बाबा. डाव्या हाताने जेवावं लागतं."

चुलीवरची डाळ करपू लागली होती. मला वास येत होता, पण गॅस बंद करायचं सुचेना. चाचाने आपला उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. नेहमीच्या त्याच कडक आवाजात तो म्हणाला, "डाव्याने खा, बाळा. पोटभर खा."