विमा बदलला, काकांना सांगितलं नाही

स्टाफरूममधले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. पेपर तपासताना, चहाची वाट बघताना ते पंख्यावरच्या धुळीसारखे साचत जातात, आणि कधीतरी कुणीतरी पंखा लावतं. आमच्या श्रीरामपूरच्या ज्युनिअर कॉलेजात साचलेले निम्मे किस्से गाडीच्या विम्याचे आहेत. कारण सात मास्तरांच्या सात गाड्या, आणि सगळ्यांचा विमा उतरवणारा एजंट एकच, साळवेकाका. बाकीचे किस्से मी हसत हसत सांगतो. शेवटचा माझा स्वतःचा आहे, तो सांगताना अजून मान वर होत नाही.

*

साळवेकाका एसटीतले रिटायर कंडक्टर. पॉलिसी संपायच्या महिनाभर आधी मधल्या सुट्टीत हजर! आधी गाडीभोवती एक चक्कर, टायरला बुटाने दोन ठोसे, मग चहा. एकदा प्राचार्यांची गाडी बघून सगळ्यांदेखत म्हणाले, "साहेब, तुमचा टायर तुमच्या आदी रिटायर झालाय!"

प्राचार्य दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चारही टायर नवे होते.

*

गणिताचे गायकवाड सर. त्यांना विमा कंपनी बदलायची हुक्की आली. वहीत रकाने आखले, सहा कंपन्या लिहिल्या आणि तुलना सुरू केली. तीन आठवडे तुलना! रोज एक नवा रकाना वाढायचा. शेवटी कंपनी ठरली, पण त्याच्या आदल्याच दिवशी जुनी पॉलिसी संपून गेली होती. नवी कंपनी म्हणाली, आता आधी गाडीची तपासणी होईल. सर पाच दिवस सायकलवर!

ती तपासणीही शेवटी साळवेकाकांनीच मागे लागून करून घेतली. म्हणाले, "सर, उत्तर बरूबर आलं, पन पेपरचा टाइम संपला हुता!"

*

काळे मॅडम बोलायला एकदम फटकळ. त्यांनी थेट काकांनाच विचारलं, "काका, कंपनी नेमकी कधी बदलावी हो?"

आम्ही सगळ्यांनी पेपरात डोकी घातली. एजंटला असं विचारतात का! काकांनी मात्र शांतपणे कप खाली ठेवला. "अडचनीच्या वक्ताला फोन उचलत नसतील, तवा बदला. आपल्याला पायजे ते पॉलिसीत नसंल, तवा बदला. तेवढंच दुसरीकडं स्वस्तात मिळत असंल, तरीबी बदला. फकस्त जुनी संपायच्या आत, आन मला सांगून. फॉर्मात काय चुकलं तर तुमालाच तरास."

"पण मग तुमचं कमिशन?"

"मॅडम, इतकी वर्सं तिकिटं फाडली. उतरनाऱ्याला कदी दारात अडवलं न्हाई!"

मॅडमनी त्या वर्षी कंपनी बदलली. काकांनीच फॉर्म भरून दिला.

*

मागच्या वर्षी कोपरगावजवळ उसाची एक ट्रॉली मागे येत आली आणि तिने माझा पुढचा बंपर उचकटून काढला. मी काकांना फोन केला. तासाभरात स्कूटरवर काका आले, तेही सोबत डबा घेऊन! मी तोवर घाबरून ट्रॅक्टरवाल्याशी चक्क इंग्रजीत भांडत होतो.

काका म्हणाले, "सर, मराठीत भांडा की. त्यालाबी चान्स द्या!"

क्लेम पूर्ण मंजूर झाला. गॅरेजचे हेलपाटे काकांनीच घातले. मी एकदाही गेलो नाही.

*

आणि यंदा मी काय केलं? मोबाईलवर एका नव्या कंपनीची जाहिरात आली. विषय माझा अर्थशास्त्र, ग्राहकाचे हक्क मी शिकवतो. म्हटलं, बघू तरी. फॉर्ममध्ये प्रश्न आला, मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का? 'होय' दाबलं, तर हप्ता फुगला. मागे जाऊन 'नाही' दाबलं, तर झपकन खाली आला. मी 'नाही'वरच थांबलो. खोटं आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्याच आठवड्यात काका स्टाफरूममध्ये आले. खरं सांगून टाकलं असतं तर ते एक शब्द बोलले नसते. पण डबा घेऊन आलेल्या त्या माणसाला सांगायचं कुठल्या तोंडाने? माझ्या तोंडून निघालं, "काका, गाडी विकायचीय. यंदा विमा नको."

झालं! मग गाडी लपवणं आलं. मी ती घरामागच्या गल्लीत लावायला लागलो आणि कॉलेजला चालत जायला लागलो. वाटेत काका भेटले की विचारायचे, "गेली का गाडी?" मी म्हणायचो, "बघतोय."

बायको म्हणाली, "विमा स्वस्तात पडला म्हणता, आणि चप्पल झिजवताय!"

*

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात साळवेकाका, चर्चमधून थेट आलेले, अंगात पांढरा शर्ट. सोबत एक पागोटेवाले गृहस्थ. "सर, गिऱ्हाईक आनलंय! हे बाबूशेठ, घोडेगावच्या बाजारात बैलांचा व्यापार करत्यात. मानूस खात्रीचा हाय, तुमाला फसवनार न्हाई."

मला गाडी दाखवावीच लागली. बाबूशेठनी बैल बघावा तशी ती चारी बाजूंनी बघितली. मग खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली माझी बोटं धरली. बाजारात सौदा असाच होतो, भाव बोटांनी सांगायचा, म्हणजे बघणाऱ्याला कळत नाही. ते बोटं दाबत होते आणि माझ्या तळव्याला नुसता घाम सुटला होता.

"सर लई पक्कं हायेत, काका. ताकास तूर लागू देईनात!" बाबूशेठ म्हणाले. "बरं, कागद बगू."

मी पुढे होईपर्यंत त्यांनी गाडीतली फाईल काढून काकांच्या हातात दिली. "तुमीच वाचा. मला बारीक दिसत न्हाई."

काकांनी चष्मा लावला. वर नव्या कंपनीचं नाव, खाली तारीख, अवघी तीन आठवड्यांपूर्वीची. विकायच्या गाडीचा वर्षभराचा विमा! मला इतकी लाज वाटली की मी काकांच्या चेहऱ्याकडे बघूच शकलो नाही, त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत उभा राहिलो. काकांनी पान उलटलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि मला जरा बाजूला घेतलं.

"सर, हितं चुकलंय. मागल्या साली आपन क्लेम घेतलाय, हितं न्हाई म्हनून लिवलंय. उद्याच कंपनीला कळवा, फरक भरून दुरुस्त करून घ्या. न्हाईतर अपघात झाला तर ते हात वर करतील. घरची मान्सं बसत्यात गाडीत." आवाज नेहमीचाच होता.

"काका, मी..."

त्यांनी फाईल माझ्या हातात दिली.

तिकडून बाबूशेठ ओरडले, "अवो, मग काय ठरलं? भाव सांगा की!"

साळवेकाका त्यांच्याकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "माफ करा शेठ. गाडी विकायची असं सर कदी म्हनलेच नव्हते. मीच तुमाला खोटं सांगितलं."