सगळे रविवार कुणी पळवले?

माझ्या आगाऊपणाला औषध असेल तर सांगा बाई! पण आधी ऐका तर खरं.

लिफ्टमधून उतरत होते. आतल्या दोघी बोलत होत्या, "म्हात्रेंच्या सुप्रियाच्या हळदीला सोसायटीचा हॉलच मिळत नाहीये. कुणीतरी सगळे रविवार आधीच..." आणि दार बंद!

आता अशी अर्धी बातमी घेऊन घास गेला असता का मला?

म्हात्रेवहिनी, म्हणजे सुप्रियाची आई, आमच्या समोरच्या, मूळच्या जासई गावच्या. त्यांच्याकडची हळद म्हणजे अख्खा गाव! एक वेळ लग्नाला नाही गेलात तर चालेल. मी थेट त्यांच्या दारात. वहिनींचा चेहरा एवढासा.

"ताई, आवतान गेलंय सगल्यांना. आता मांडव काय गॅलरीत घालू?"

"पण हॉल अडवला कुणी?"

"ठाव नाय. सेक्रेटरी म्हनतात, अ‍ॅपमधी बघून सांगतो."

"बघायचं काय त्यात? चेअरमनच! त्यांच्या मेव्हण्याचं केटरिंग आहे ना, त्याच्या ऑर्डरींसाठी!"

पुरावा? छे हो! पण संध्याकाळी वॉचमननेच मला गुपचूप सांगितलं, "मॅडम, चेअरमनने हॉल विकला म्हणे." म्हणजे माझीच बातमी, सोसायटीभर फिरून, नटूनथटून माहेरी आली!

मग काय, वहिनींना घेऊन मोर्चा सोसायटीच्या ऑफिसात. चेअरमन तिथेच चहा पीत होते. सेक्रेटरी सावंतभाऊ कॉम्प्युटरपुढे.

"वाचा नाव. मोठ्याने!"

"काकू, नंतर बोलू आपण."

"नंतर नाही, आत्ता! सगळ्यांना कळू दे."

"फ्लॅट चारशे दोन."

"बघा! मी म्हटलं नव्हतं..."

चारशे दोन? अगंबाई, तो तर माझा!

"अहो, माझं बुकिंग झालंच नव्हतं! ह्यांच्या रिटायरमेंटला हॉल हवा होता. अ‍ॅपमध्ये तारीख टाकून सेव्ह दाबलं की लाल इंग्रजी अक्षरं. म्हटलं, ही तारीख चालत नसेल, अमावस्या असेल. पुढचा रविवार टाकला. परत लाल! मग त्याच्या पुढचा... शेवटी कंटाळून घरीच केला ना कार्यक्रम!"

"काकू, तारखा सगळ्या बुक झाल्या. लाल ओळ मोबाईल नंबरसाठी होती. काय लिहिलंय बघा."

बघितलं. नंबरच्या जागी मी लिहिलं होतं: 'माझा बिघडलाय, ह्यांच्यावर करा, दुपारी नको.'

चेअरमनला चहाचा ठसका लागला.

पण मी सोडते काय! "चुकलं होतं, तर सेव्ह कसं झालं? आधी सगळं तपासायचं, मग सेव्ह करायचं. आणि काय चुकलं ते मराठीत सांगायला काय होतं त्याला?"

"तो मुद्दा बरोबर आहे," सावंतभाऊ म्हणाले. "ते आधी तारीख धरतं, मग नंबर बघतं. अ‍ॅपवाल्याला कळवतो. पण काकू, लाल दिसल्यावर एकदा विचारायचं तरी!"

विचारायचं? मी? अख्ख्या सोसायटीची विचारपूस करते, तेवढं एक राहिलं!

"ताई," वहिनी पदरात हसू दाबत म्हणाल्या, "आता हलदीचा तरी रविवार सोडा!"

सगळेच सोडले हो. आणि हळद अशी दणक्यात झाली की बँजो पार्टीच्या तालावर मीही नाचले. मध्येच बी विंगच्या काकूंनी कोपऱ्यात ओढलं. "हॉल चेअरमनने अडवला होता म्हणे. खरं का?"

"अडवला होता हे खरं," मी म्हटलं, "पण चेअरमनने नाही."

"मग कुणी?"

मी काही बोलायच्या आत वहिनींनी मूठभर हळद माझ्या गालांना फासली आणि माझं तोंड काकूंकडे वळवून ओरडल्या, "ह्याच त्या! नीट बघून घ्या!"