चार मोठे, दोन लहान

सुधन्वा हिंगोलीहून नोएडाला आला, तेव्हा दिल्लीभोवतीची शेतं मोडून काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यातल्याच एका कंपनीत हेमलता पाटणकर त्याची वरिष्ठ होती. करोल बागेत वाढलेली आणि लग्नानंतर द्वारकेच्या नव्या सोसायटीत गेलेली ही बाई मराठीत वाक्य सुरू करायची आणि हिंदीत संपवायची. तिच्या डब्यात आमटीशेजारी राजमा सुखाने नांदत असे. हट्ट मात्र एकच. प्रोग्रॅममध्ये कशालाही नाव देताना आधी ते काय आहे हे लिहायचं. मजकूर, म्हणजे स्ट्रिंग, असेल तर 'स्ट्र', आकडा, म्हणजे नंबर, असेल तर 'नम'. नावाआधीच्या या खुणेला ती प्रीफिक्स म्हणायची.

"मॅडम, आमच्याकडे म्हशीच्या शिंगावर 'म्हैस' असं लिहीत नाहीत."

"बिल्कुल! तुमची म्हैस बघून ओळखू येते. ही प्रोग्रॅममधली येत नाही, यार."

सुधन्वाने मान डोलावली आणि नावं म्हणून नुसतं ए, बी लिहीत राहिला.

त्याला नोकरीत कायम करायचं की हिंगोलीला परत पाठवायचं, हा शेरा त्याच आठवड्यात हेमलता देणार होती. त्याआधी तिने त्याला एक छोटं काम दिलं. तिचे सासरे अण्णासाहेब मराठी मंडळाची सहल संक्रांतीला पानिपतला, काला अंबच्या स्मारकाकडे नेणार होते. इंटरनेटवर नावनोंदणीची सोय करायची, घरातली मोठी किती, लहान किती, आणि बेरीज. सुधन्वाने ते हसत हसत करून टाकलं. चालवून बघायचं मात्र राहिलं.

मग अण्णासाहेबांचा फोन आला, थेट सुधन्वालाच.

"काय रे, मंडळातल्या भालचंद्राच्या घरून बेचाळीस माणसं? भाऊसाहेबांना एवढी कुमक मिळाली असती, तर पानिपतचा निकाल वेगळा लागला असता! बसवाला विचारतोय, अख्खी द्वारका निघाली का?"

भालचंद्राकडे मोठी चार, लहान दोन. चौकटीत टाइप केलेला चार म्हणजे संगणकाच्या लेखी नुसतं अक्षर. त्याने चारला दोन चिकटवले आणि बेचाळीस दाखवले.

हेमलता खुर्ची ओढून शेजारी बसली.

"वडिलांच्या भावाला काय म्हणतोस?"

"दामूकाका."

"आईच्या?"

"दत्तामामा."

"नुसतं दामू, दत्ता म्हणालास, तर मला कळेल कोण कुठला? ही प्रोग्रॅमची भाषा काही विचारत नाही, हाती येईल ते जोडते. मग नावातच सांगायला नको?"

त्याने ए खोडून 'स्ट्रमोठे' लिहिलं, बी खोडून 'स्ट्रलहान'. मध्ये अधिकचं चिन्ह होतंच. तो बघतच राहिला. दोन मजकुरांची बेरीज करायला निघालो होतो आपण! पुढच्या ओळींत त्यांचे 'नम' केले. भालचंद्राचं कुटुंब सहावर आलं.

तेवढ्यात गडबड ऐकून कंपनीचे साहेब अंशुमन डोकावले. "किसकी गलती थी?"

"मेरी टीम की," हेमलता म्हणाली. "ठीक हो गई."

दोन दिवसांनी शेरा आला. कायम.

संक्रांतीला काला अंबला दोनच बस गेल्या आणि सगळे मावले. तिळगूळ घेताना सुधन्वा वाकून तिच्या पाया पडला. "हेमाताई, तुमच्यामुळे राहिलो."

हेमलताचे डोळे भरून आले. पण ती दिल्लीची.

"चलो, प्रीफिक्स समजला तुला, फक्त नावाच्या मागे लावलास! ऑफिसात मात्र मॅडमच हां."